ब्रेकवाल्याची जागा

"पट्टा नीट आवळ," धैर्यशील इंगवले म्हणाला. "मागल्या खेपेला या जागेवर बसलेल्याचा पाय गेला. आज तुझं काय काय जातंय ते बघू."

"माझं जायचं ते गेलंय," मी म्हणालो. "तुम्ही गाडी काढा."

तो हसला. समोरच्याला पायपुसणं करून हसायची इंगवल्यांची ती तऱ्हा अख्ख्या कोल्हापुराला पाठ होती. मग त्याने हेल्मेट चढवलं, इंजिन चालू केलं आणि गाडी जागेवरच अशी गुरगुरवली, की माझ्या बुडाखालचा पत्रा थरथरायला लागला.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या मार्चमधली. गावापासून बारा मैलांवरच्या माळावर इंगवल्यांनी हौसेखातर दीड मैलाचा डांबरी गोल बांधला होता. दर वर्षी मार्चात तिथे शर्यती व्हायच्या. शर्यतीच्या गाड्या म्हणजे काही विलायती चीज नव्हती. तुमच्याआमच्या दारात उभी असते तीच चार दारांची गाडी. फक्त तिच्या मागच्या सीट, गालिचा, पुढचे-मागचे दिवे सगळं उपटून काढायचं, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करायचा आणि मग ती गॅरेजांच्या वस्तीतल्या, म्हणजे उद्यमनगरातल्या, एखाद्या मिस्त्रीच्या ताब्यात द्यायची.

आम्हा उद्यमनगरवाल्यांचा एक रिवाज होता. शर्यतीआधी गाडी चाचणीला निघाली, की ज्याने ब्रेक बांधले तो ड्रायव्हरच्या शेजारी बसणार. इंजिनवाला नाही, मालक नाही, ब्रेकवाला. कारण इंजिन चुकलं तर गाडी थांबते आणि ब्रेक चुकले तर थांबत नाही. आधी स्वतःचा जीव आपल्या कामावर टांगायचा, मग दुसऱ्याला म्हणायचं, की जा बाबा, पळव. हा रिवाज कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. एक वेळ सोडून.

ती वेळ आदल्या वर्षीची. गाडी हीच नव्हे, हिच्यासारखीच दुसरी. मिस्त्री माझे उस्ताद, बाबालाल मुल्लाणी. त्यांच्या हाताखाली मी तेव्हा सात वर्षं काढली होती आणि त्या गाडीचे ब्रेक पहिल्यांदाच त्यांनी सगळेच्या सगळे माझ्यावर सोपवले होते. नवे पॅड मी बसवले, नवं ऑइल मी भरलं, चारही चाकांपाशी पाइपातली हवा मी काढली; ती राहिली तर पेडल दाबूनही ब्रेक लागत नाहीत. उस्तादांनी शेवटी पेडलवर पाय देऊन पाहिला आणि मान डोलावली. चाचणीला शेजारी मी बसायचो होतो, बसलोही होतो. तेवढ्यात धैर्यशीलचा धाकटा भाऊ मानसिंग आला आणि हट्टाला पेटला, की आज मी बसणार. मालकाचा मुलगा. मी उतरलो.

चौथ्या फेरीला गाडी वळणावर थांबलीच नाही. सरळ जाऊन दगडी बांधावर आदळली. धैर्यशीलच्या कपाळाला खोक पडली. मानसिंगचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

धैर्यशीलने कपाळावर रुमाल दाबून धरत तिथल्या तिथे सांगून टाकलं, "बाबालालनं घात केला. पेडल पार तळाला गेलं." ब्रेकचे पाइप धडकेत तुटले होते, ऑइल मातीत सांडलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत अण्णासाहेब इंगवल्यांनी, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, ती गाडी रागाच्या भरात भंगारात घातली. तपासायला उरलं काय? उरला तो शब्द. तो उद्यमनगरात चहा उकळायच्या आत पसरला.

उस्तादांच्या गॅरेजात गाड्या यायच्या बंद झाल्या, पण त्याहून वाईट होतं ते वेगळंच. त्यांनी पान्हाच खाली ठेवला. चाळीस वर्षं ब्रेक बांधलेला माणूस घराच्या ओट्यावर बसून नुसता रस्त्याकडे बघायचा. मी मात्र वर्षभर एकच हिशेब मांडत होतो. पुढचं उजवं चाक की मागचं डावं? कुठल्या पाइपात माझ्या हातून हवेचा बुडबुडा राहिला? काम माझं होतं आणि नाव त्यांचं गेलं होतं. रात्री जेवताना घास हातात धरून मी तो बुडबुडा शोधत बसायचो. बायको म्हणायची, "अहो, जेवा आता."

पुढच्या मार्चला शर्यत आली तेव्हा धैर्यशीलच्या नव्या गाडीला ब्रेकवाला मिळेना. ज्याने मिस्त्रीवर खापर फोडलं, त्याच्या शेजारी कोण बसणार? उद्यमनगरातल्या एकूण एक गॅरेजने कानांवर हात ठेवले. आठ दिवस उरले तेव्हा मी आपण होऊन इंगवल्यांच्या ओतकामाच्या कारखान्यावर, फाउंड्रीवर गेलो.

"ब्रेक मी बांधतो," मी अण्णासाहेबांना म्हणालो. "शेजारी मीच बसतो. सहा फेऱ्या. ब्रेक टिकले तर उद्यमनगरच्या नाक्यावर येऊन चार माणसांत उस्तादांची माफी मागायची."

"आणि नाही टिकले तर?" धैर्यशीलने विचारलं.

"तर मी पुन्हा पान्हा हातात धरणार नाही."

"धरायला जिवंत राहिलास तर," तो म्हणाला. अण्णासाहेबांनी होकारार्थी मान हलवली. धाकटा मानसिंग कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता, कुबडी मांडीवर आडवी घेऊन. तो माझ्याकडे बघत होता. मला त्याचाही रागच आला. वर्षभरात हा माणूस उस्तादांच्या बाजूने एक शब्द बोलला नव्हता.

तर असा मी त्या सीटवर बसलो होतो.

पहिली फेरी त्याने मला भिववण्यासाठीच मारली. गाडी सरळ रस्त्यावर अशी सुटली, की माझं डोकं मागच्या पाइपावर आपटलं. आत ना गालिचा, ना अस्तर. दगडाचा एकेक खडा पत्र्यावर गोळीसारखा वाजत होता. वळण आलं तेव्हा मला वाटलं, आता हा गाडी आवरेल, मग वाटलं, आता तरी आवरेल, आणि मी पाय पुढे ताणून नसलेला ब्रेक दाबत राहिलो. अगदी शेवटच्या क्षणी त्याने पेडल दाबलं. पट्टा छातीत रुतला आणि सकाळी खाल्लेली मिसळ गळ्यापर्यंत आली.

"काय रे भैरू?" तो ओरडला. "फाटली काय?"

"बांध अजून लांब होता!" मी ओरडलो. "तुमच्याच पोटात गोळा आला असंल!"

"आणि जवळनं दाखवतो थांब!"

दुसऱ्या फेरीला त्याने खरोखरच जवळून दाखवला. बांधाचे दगड माझ्या खिडकीवरून असे गेले, की हात बाहेर असता तर राहिला नसता. खोटं कशाला सांगू, माझी पाचावर धारण बसली. एकीकडे तो शिव्या देत होता, माझ्या बापापासून उस्तादांच्या आईपर्यंत कुणाला सोडत नव्हता, आणि मी उलट शिव्या देत होतो. तोंड चालू होतं, पण डोळे काही समोर बघायला तयार नव्हते. म्हणून मी मान खाली घातली.

आणि म्हणूनच मला त्याचे पाय दिसले.

उजवा पाय अॅक्सिलरेटरवर पार तळाला होता. तो तिथेच असायला हवा. डावा पाय क्लचच्या बाजूला रिकामा असायला हवा होता, पण तो नव्हता. तो ब्रेकच्या पेडलवर टेकलेला होता. सरळ रस्त्यावर, गाडी भन्नाट सुटलेली असताना. दाबलेला नाही, नुसता ठेवलेला. तव्यावरच्या भाकरीवर बाईने सहज हात टेकवावा तसा. गिअर टाकताना तो पाय क्लचवर जायचा आणि काम झालं की परत आपल्या जागी, ब्रेकवर.

पहिल्यांदा मला वाटलं, चुकून असेल. तिसरी फेरी अर्धी होईस्तोवर मी फक्त तो पायच बघत होतो. चुकून नव्हतं. सवय होती. भित्र्या माणसाची सवय. बाहेरच्यांना वाटत होतं धैर्यशील इंगवले वाघासारखा गाडी हाकतो, आणि वाघाचा एक पाय सदानकदा ब्रेकवर.

ज्याने ब्रेक बांधलेत त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पाय नुसता टेकला तरी पॅड चाकाच्या डिस्कला घासत राहतात. घासले की तापतात. तापले की आतलं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफेला दाबून काही उपयोग नसतो. पेडल पार तळाला जातं. गाडी दगडावर आदळते आणि मग कुणीतरी कपाळावर रुमाल धरून मिस्त्रीचं नाव घेतं.

वर्षभर शोधत होतो तो बुडबुडा माझा नव्हता. माझ्या अंगात त्या क्षणी काय भरलं ते सांगतो. आनंद झाला. गाडी ताशी सत्तर मैलांनी पळत होती, ब्रेक उकळायला लागले होते, आणि मला आनंद झाला होता.

"डावा पाय काढा!" मी ओरडलो.

"काय?"

"ब्रेकवरचा पाय काढा! ऑइल उकळतंय!"

"तू मला शिकवणार? पान्हे पुसणारा तू?"

"अहो, वास येतोय! पाय काढा!"

वास आलाच होता. जळक्या रबरासारखा, उग्र, नाकात बसणारा. तो वास त्यालाही कळला असणार, पण माझं ऐकलं असं होऊ नये म्हणून त्याने पाय जिथल्या तिथे ठेवला. चौथी फेरी सुरू झाली. बांधाचं वळण समोर आलं. त्याने पेडल दाबलं आणि ते खाली गेलं, आवाज न करता, शेवटपर्यंत.

त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. हेल्मेटच्या आत तो एकदम म्हातारा दिसला. त्याने एकदा, दोनदा, तीनदा पेडल मारलं आणि मग स्टिअरिंग धरून नुसता बघत राहिला. दातखीळ बसली होती.

"गिअर खाली टाका! दुसरा! दुसरा टाका!"

त्याने टाकला की गाडीने आपोआप घेतला, देव जाणे. मी आमच्या दोघांमधला हँडब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही, म्हणून तो जिवंत होता. मागची चाकं जाम झाली, गाडी फिरली, आभाळ, बांध, माळ, पुन्हा बांध असं सगळं एकदा समोरून गेलं आणि आम्ही बांधाच्या अलीकडे मातीत उलट्या तोंडाने उभे राहिलो. धूळ आत आली. दोघेही खोकत होतो.

माणसं पळत आली. अण्णासाहेब पुढे, त्यांचे चार-सहा जण, उद्यमनगरातून मजा बघायला आलेले दोन-तीन मिस्त्री, आणि सगळ्यांत शेवटी कुबडीवर मानसिंग.

धैर्यशील खाली उतरला आणि पाय जमिनीला लागायच्या आत म्हणाला, "गेला! पुन्हा गेला! म्हटलं नव्हतं? एक भाऊ लंगडा केला, आता मलाच मारायला निघाला होता!"

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते मी तोवर फक्त ऐकलं होतं.

मी उतरलो. गाडीला टेकून उभा राहिलो. "अण्णासाहेब," मी म्हणालो, "दहा मिनिटं गाडीला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही स्वतः इथं उभं राहा."

"कशासाठी?"

"ब्रेक गेलेत ना? दहा मिनिटांनी बघू, जातात कुठं ते."

पुढच्या चाकांतून धुराची रेघ वर जात होती, ती हळूहळू बारीक होत गेली. धैर्यशील दोनदा म्हणाला, "काय तमाशा लावलाय," पण अण्णासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. घड्याळात दहा मिनिटं झाल्यावर मी दार उघडलं.

"बसा. पेडल दाबा."

सत्तरीचा तो माणूस धोतर सावरत ड्रायव्हरच्या सीटवर बसला. त्याने पाय दिला. पेडल दगडासारखं कडक होतं. पुन्हा दिला. तसंच.

"मिस्त्रीच्या चुकीनं गेलेला ब्रेक आपल्या पायानं परत येतो का हो?" मी विचारलं. मागे उभे असलेले मिस्त्री हसले. मग मी सगळं सांगितलं. डावा पाय, पॅड, वाफ. गार झालं की वाफेचं परत ऑइल होतं आणि पेडल जागेवर येतं. चाकं दाखवली. डिस्क तापून निळसर पडल्या होत्या.

"खोटं बोलतोय," धैर्यशील म्हणाला. "माझा पाय नव्हता. कुणी बघितलाय?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या जागेवर जो बसतो, त्याला ड्रायव्हरचे पाय दिसतात. मला दिसले, तर माझ्याआधी जो बसला होता त्यालाही दिसले असणार.

मी मानसिंगकडे वळलो. तो गर्दीच्या कडेला उभा होता.

"मानसिंगराव, तुम्ही त्या दिवशी शेजारी होता. सांगा. पाय कुठं होता?"

त्याने भावाकडे पाहिलं.

"सांगा की. वर्षभर एक म्हातारा ओट्यावर बसून मरतोय. तुम्हाला ठावं होतं. होतं का नव्हतं?"

"भैरू, जाऊ दे," उद्यमनगरचा कुणीतरी म्हणाला. पण मला आता चढली होती. जीव वाचला होता, माझा हात चोख ठरला होता, आणि समोर बोलायला एक माणूस उरला होता. मी म्हणालो ते शब्द अजून मला शब्दन् शब्द आठवतात.

"पाय गेला तुमचा. जीभ तर शाबूत आहे ना?"

अण्णासाहेबांचा एक माणूस माझ्या अंगावर धावला, त्याला दुसऱ्याने धरलं. मानसिंगच्या तोंडावर काही हललं नाही. त्याने कुबडी एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली.

"होता," तो म्हणाला. "डावा पाय ब्रेकवर होता. मी ओरडलो होतो त्याला. दोनदा." मग वडिलांकडे बघून म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ, अण्णा. काय सांगायचं होतं मी?"

अण्णासाहेब गाडीतून उतरले नाहीत. तिथेच, पेडलवर पाय ठेवून, समोर बघत बसले. धैर्यशील हेल्मेट तिथेच टाकून माळावरून चालत निघून गेला.

माझ्या स्कूटरवरून मी जो निघालो तो थेट उस्तादांच्या ओट्यावर. बारा मैल मी स्वतःशी बोलत गेलो. उस्ताद खाटेवर बसून शेंगा सोलत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. पाय, वाफ, दहा मिनिटं, मानसिंग. मला वाटलं ते उठतील, मिठी मारतील, निदान "शाब्बास" तरी म्हणतील.

ते शेंगा सोलत राहिले. "म्हंजी बिरेक चांगलं हुतं."

"एकदम चांगलं, उस्ताद. वाफ झाली ती."

"आन् त्यो पाय कुणाला दिसला असता? शेजारी बसलेल्याला."

"व्हय."

"मानसिंग ड्रायव्हरचा भाऊ. त्याला काय कळतंय पायानं काय हुतं ते? वरडला आसंल, पन का वरडायचं ते त्याला ठावं नव्हतं. बिरेकवाला आसता तर पयल्या फेरीला गाडी थांबवली आसती." त्यांनी एक शेंग फोडली. "म्हनून तर बिरेकवाला बसतो, लेका. उगं मरायला न्हवं."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो.

"वरीसभर मी बिरेकसाठी रडत न्हवतो," ते म्हणाले. "बिरेक मी सोता पायानं बघितलं हुतं. मी त्या जागंसाठी बसलोय हितं. माझ्या गॅरेजातनं गाडी गेली आन् ती जागा रिकामी सोडली. तू उतरलास तवा मी हाताला धरून परत बसवायला पायजे हुतं. म्या काय बोललो न्हाई." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मानसिंगला चार मान्सांत बोलतं केलंस. बरं केलंस. तुला कोन बोलतं करनार?"

आता सांगतो. आजवर सांगितलं ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मानसिंगने हट्ट केला, हे खरं. पण मी नाही म्हणालोच नाही. एकदाही नाही. त्याने "आज मी बसणार" म्हणायचा अवकाश, मी दार उघडून बाहेर होतो. रिवाज सांगायला हवा होता, मालकाचा मुलगा असला तरी. मी सांगितला नाही, कारण मी घाबरलो होतो. माझ्याच ब्रेकांना घाबरलो होतो. सगळं काम पहिल्यांदाच एकट्याने केलेलं, आणि त्यावर आपला जीव टांगायची वेळ आली तेव्हा माझं धैर्य झालं नाही. दुसऱ्याचा जीव टांगला गेला तेव्हा मला बरं वाटलं. हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अण्णासाहेब इंगवले उद्यमनगरच्या नाक्यावर आले. सहा फेऱ्या पुऱ्या झाल्या नव्हत्या, त्यामुळे पैजेप्रमाणे ते बांधील नव्हते, पण आले. धैर्यशील आला नाही. दोन-अडीचशे माणूस जमलं होतं. उस्तादांना दोन पोरांनी खाटेसकट आणल्यासारखं धरून आणलं. अण्णासाहेबांनी सगळ्यांसमोर हात जोडले, म्हणाले, "बाबालाल, आमच्या घरानं तुमच्यावर खोटा आळ घेतला." कुणीतरी गुलाल उधळला. मला दोघा-तिघांनी खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. मी त्यांचे हात सोडवून बाहेर आलो.

इंगवल्यांची गाडी रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभी होती. मागच्या सीटवर मानसिंग एकटाच बसला होता. काच अर्धी खाली होती. मी जाऊन खिडकीपाशी उभा राहिलो.

"मानसिंगराव."

त्याने मान वळवली.

"मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "त्या दिवशी ती जागा माझी होती. तुम्ही हट्ट केला असं सगळे म्हणतात, मीही तेच म्हणत आलो. पण मी... मला भीती वाटत होती. तुम्ही बसतो म्हणालात आणि मला सुटल्यासारखं झालं. मी तुम्हाला अडवायला पाहिजे होतं. तो पाय मला कळला असता."

नाक्यावरून हलगीचा आवाज येत होता. तो तिकडे बघत म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय?"

"तू घाबरला होतास ते. तू पट्टा लावत होतास तेव्हा मी दाराशीच होतो. तुझे हात इतके कापत होते की कडी लागत नव्हती. तीनदा सुटली." तो शांतपणे बोलत होता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगतोय. "दादाने बघितलं असतं तर चार माणसांत तुझं हसं केलं असतं. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणून मी हट्ट धरला."

मी खिडकीच्या काठावर हात ठेवला.

"हात काढ," तो म्हणाला.

मी काढला. त्याने काच वर करायला घेतली. त्या गाडीची काच हाताने फिरवायची होती आणि ती जड होती. त्याला वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ मी तिथेच उभा होतो.